स्मूदनिंग केलेल्या केसांना रंग लावायचा का? डबा उघडण्याआधी काय काय तपासायचं

लग्नसराईत हा प्रसंग ठरलेला. गुरुवारी दुपारी एखादी मुलगी पार्लरमध्ये येते आणि खुर्चीत टेकायच्या आधीच मोबाइल पुढे करते. "ताई, रविवारी बहिणीचं लग्न आहे. अस्सा कलर पाहिजे." फोटोतल्या बाईचे केस मधाच्या रंगाचे. हिचे केस टोकाकडे सरळसोट, मुळाशी मात्र चार बोटं पुन्हा कुरळे. म्हणजे रसायनाने केस सरळ करायचं स्मूदनिंग झालंय आणि त्याला पाच-सहा महिने तरी झालेत. मी विचारते, "आधी काय काय केलंयस?" उत्तर येतं, "कायच नाही ओ. फक्त मेंदी लावते."

या 'कायच नाही'मध्ये स्मूदनिंग जमा असतं आणि 'मेंदी'मध्ये पंधरा मिनिटांत केस काळे करणारी पुडी. मुद्दाम खोटं कुणी सांगत नाही. सहा महिन्यांपूर्वी केलेलं आता संपलं, असं बहुतेकींना मनापासून वाटतं. पण केस म्हणजे त्वचा नाही. डोक्याबाहेर आलेला केस मेलेला धागा असतो, तो स्वतःला दुरुस्त करत नाही. जे झालं ते त्या धाग्यात राहतं, कात्री लागेपर्यंत.

सोलापुरी चादरीचं सूत आधी रंगवतात आणि मग मागावर चढवतात. कुठलं सूत हातात आहे ते रंगवणाऱ्याला ठाऊक असतं. आपल्याला मात्र विणून झालेल्या चादरीवर रंग चढवायचा असतो आणि तिच्यात दोन-तीन जातींचं सूत मिसळलेलं असतं. म्हणून 'माझ्या केसांना कोणता रंग चालेल' हा प्रश्न मी नंतर घेते. आधीचा प्रश्न असा: माझ्या डोक्यावर किती प्रकारचे केस आहेत?

केसाचं वय काढा

केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. शाळेतली पट्टी घ्या, आरशासमोर भांगापासून टोकापर्यंत मोजा आणि कागदावर एक उभी रेघ काढा. रेघेचं वरचं टोक म्हणजे आजचा केस. खाली ६ सेंटिमीटरवर पाच-सहा महिन्यांपूर्वीचा, १२ वर साधारण वर्षभरापूर्वीचा. कमरेपर्यंत केस असतील तर टोक पाच वर्षांचं तरी निघेल. सोलापुरातले पाच मे महिने त्याने काढलेत, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे.

आता त्या रेघेवर खुणा करा. स्मूदनिंग कधी झालं? त्याच्या वरचे केस नैसर्गिक, खालचे प्रक्रिया झालेले. डब्यातला रंग कधी लावला? काळी पुडी कधीपासून? इस्त्री रोज फिरते का? दोनदा स्मूदनिंग केलं असेल तर जुन्यावर पुन्हा क्रीम लावलं की फक्त मुळांना, तेही आठवा. बहुतेकींच्या कागदावर तीन पट्टे निघतात: वर नैसर्गिक, मध्ये एकदा सरळ केलेले, टोकाला दोनदा सरळ केलेले आणि शिवाय रंगवलेले. एकच रंग या तिन्हींवर तीन तऱ्हेने चढतो.

काहीच आठवत नसेल तर जिथे करून घेतलं तिथे फोन करून विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मला असे फोन येतात.

सरळ केले म्हणजे नेमकं काय केलं?

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा. त्या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. केसाची ताकद आणि वळण दोन्ही पुष्कळसं त्यांच्यावर अवलंबून. आपल्याकडे स्मूदनिंग, स्ट्रेटनिंग, रिबॉन्डिंग अशी नावं चालतात, पण आत बहुतेक वेळा रसायन एकच: थायोग्लायकोलेट. पहिलं क्रीम हे बंध तोडतं. मग केस धुऊन, वाळवून, इस्त्रीने सरळ करतात आणि दुसऱ्या क्रीमने, म्हणजे न्यूट्रलायझरने, बंध नव्या जागी परत जोडतात. सगळे बंध जुळून येत नाहीत, थोडे कायमचे जातात. वरचं खवल्यांचं आवरणही उचकटलेलं राहतं. दोन क्रीमं, मध्ये इस्त्री आणि पार्लरभर उग्र, सडक्या अंड्यासारखा वास, एवढं आठवत असेल तर तुमचं थायोवालं आहे.

केराटिन ट्रीटमेंट वेगळी. एकच द्रव केसांना चोपडून तो इस्त्रीने आत बसवतात. धूर निघतो, डोळे चुरचुरतात, काही महिन्यांत परिणाम उतरतो. अशा अनेक द्रवांत फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू किंवा गरम झाल्यावर तो सोडणारी द्रव्यं असतात. ग्लायऑक्झिलिक आम्लावर चालणाऱ्या ट्रीटमेंटही आहेत. त्या रंगवलेल्या केसांचा रंग फिका, पिवळट करतात. गेल्या काही वर्षांत ते आम्ल लावून घेतल्यावर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. मी ते वापरत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर. घट्ट कुरळ्या केसांसाठी आफ्रिका-अमेरिकेत तो जास्त चालतो. सोलापुरात क्वचित, पण परदेशी राहून आलेल्या किंवा ऑनलाइन डबा मागवलेल्या मुली येतात. त्याचा पीएच १२ च्या पुढे, म्हणजे फार तीव्र अल्कली, असतो आणि तो तोडलेले गंधकाचे बंध पुन्हा पूर्वीसारखे जुळत नाहीत. हायड्रॉक्साइड झालेल्या केसावर थायो किंवा थायोवर हायड्रॉक्साइड लावलं तर केस हातात येतात. अक्षरशः.

ओला केस ओढून बघा

कागदावर काहीही लिहिलेलं असो, खरं केसच सांगतो. कंगव्यात आलेले पाच-सहा लांब केस घ्या आणि पाण्यात भिजवा. एकेक केस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून सावकाश ओढा. आधी मुळाकडचा भाग, मग मधला, मग टोक. चांगला ओला केस आपल्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश ताणतो आणि सोडला की मागे येतो.

ओढताच तट्दिशी तुटला तर केस कोरडा, ठिसूळ झालाय. रबरासारखा लांबत गेला आणि परत आलाच नाही, किंवा बोटांना बुळबुळीत लागला, तर आतला सांगाडा ढिला झालाय. हा दुसरा प्रकार जास्त वाईट. अशा केसाला डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड) असलेला कोणताही रंग लावू नका. 'नो अमोनिया' नाही, 'फळांच्या अर्काचा' नाही, पार्लरवालीने गॅरंटी दिली तरी नाही.

केस पाण्याच्या ग्लासात टाकून बुडतो की तरंगतो ते पाहायची चाचणी मोबाइलवर फार फिरते. केसाला तेल असेल तर तो तरंगतो, नसेल तर बुडतो. वेळ घालवू नका. त्यापेक्षा नहाल तेव्हा बघा: केस क्षणात चिंब होतात आणि वाळायला मात्र तास घेतात, असं होतंय का? होत असेल तर आवरण उघडं आहे. असा केस रंग भराभर आणि गडद पितो आणि तितक्याच लवकर सोडतो.

ही चाचणी मी एकदा केली नव्हती. पार्लर टाकून दोनच वर्षं झाली होती. कॉलेजची मुलगी, तांबूस हायलाइट हवे होते. तिनं सांगितलं, स्मूदनिंग वर्षापूर्वीचं आहे. मी ब्लीच लावून फॉइल बांधली. वीस मिनिटांनी पहिली फॉइल उघडली तर केस भिजलेल्या शेवयांसारखे. बोट लावलं की लांबत होते. लगेच धुतलं, पण सहा बटा गेल्या आणि पाठीवरचे केस खांद्यापर्यंत आणावे लागले. स्मूदनिंग वर्षापूर्वीचं होतं हे खरं. पण तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या ठिकाणी त्यावर पुन्हा एकदा झालं होतं, ते तिच्या मते 'नुसतं टचअप' होतं. चूक माझी. ओला केस ओढून बघायला एक मिनिट लागलं असतं.

कोणी आत्ता लावूच नये

पूर्वी कधीही रंगाने, काळ्या मेंदीने किंवा जत्रेत हातावर काढलेल्या काळ्या टॅटूने खाज, पुरळ, फोड आले असतील, तर प्रश्न तिथेच संपतो. त्या टॅटूच्या काळ्या 'मेंदी'त पीपीडी हे रसायन असतं आणि पक्क्या रंगाच्या डब्यातही तेच. एकदा शरीराने त्याला शत्रू मानलं की ते आयुष्यभर विसरत नाही, आणि पुढच्या वेळी त्रास वाढतो. आमच्या शहरात आणखी एक गोष्ट विचारावी लागते. काही कापडी रंग, भूल देणारं बेंझोकेन आणि काही सल्फा औषधं रसायनाच्या नात्याने पीपीडीची भावंडं लागतात. सूत रंगवण्याच्या कामावर असलेल्या कुणाच्या हाताला वारंवार चट्टे येत असतील, तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, मग रंगाचं बघू.

टाळूवर जखम, ओला इसब, सोरायसिसचे लाल चट्टे किंवा नखाने ओरबाडलेलं असेल तर बरं होईपर्यंत थांबा. सोळा वर्षांखालच्या मुलींना पक्का रंग नको. गरोदरपणात टाळूतून आत जाणारं प्रमाण फार थोडं असतं, पण पहिले तीन महिने थांबायचा सल्ला बहुतेक डॉक्टर देतात. तेवढं थांबल्याने काही बिघडत नाही. केमोथेरपी नुकतीच संपली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

कॅन्सरचं विचारतातच, म्हणून सांगते. अमेरिकेतल्या 'सिस्टर स्टडी'ने ३३,४९७ स्त्रियांचा जवळपास अकरा वर्षं मागोवा घेतला. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षात केस सरळ करणारी रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण दुपटीहून अधिक आढळलं: सत्तरीपर्यंत कधीही न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. केसांच्या रंगाचा गर्भाशयाच्या कॅन्सरशी असा संबंध त्यात दिसला नाही. तिथली उत्पादनं आणि आपली एकच नव्हेत, आणि वारंवार म्हणजे किती वारंवार तेही लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने स्वतःच्या केसांना रंग लावण्याबाबत 'ठरवण्याइतका पुरावा नाही' असं म्हटलंय. रोज दुसऱ्यांना रंग लावणाऱ्यांचं काम मात्र 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलंय. म्हणजे गिऱ्हाइकापेक्षा काळजी मी करायला हवी. हातमोजे आणि उघडी खिडकी त्यासाठीच.

डब्याची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला बदाम, आवळा, हसणारी बाई. मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, खरं काय ते.

पक्क्या रंगात दोन भाग असतात: रंगाचं क्रीम आणि डेव्हलपर. क्रीममध्ये पीपीडी किंवा त्याच्या जवळची द्रव्यं आणि अल्कली, डेव्हलपरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड. अल्कली केसाचं आवरण उघडते आणि पेरॉक्साइड आत रंग तयार करतं. डेव्हलपरवर १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड. सरळ केलेल्या लांबीवर ३ टक्के पुरे. पांढरे केस हट्टी असतात, त्यांना ६ टक्के लागतं, पण तेही मुळाशीच. ९ आणि १२ ची बाटली स्मूदनिंगच्या केसाजवळ आणू नका.

'नो अमोनिया' लिहिलेल्या डब्यात अमोनियाऐवजी बहुधा इथेनॉलअमाइन असतं. वास येत नाही एवढाच फायदा. अमोनिया उडून तरी जातो, हे केसात रेंगाळतं. पीपीडी आणि पेरॉक्साइड दोन्हीकडे असतात. म्हणून 'अमोनिया नाही, मग टेस्ट कशाला' या वाक्याला अर्थ नाही.

आता मेंदी. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी-लाल. तो चढायला तासन् तास लागतात आणि ती कधीही काळी होत नाही. काळं हवं तर मेंदीनंतर वेगळी नीळ (निळीच्या पानांची पूड, कपड्यांची नीळ नव्हे) लावावी लागते. जी पुडी नुसत्या पाण्यात कालवून अर्ध्या तासात काळं करते तिच्यात मेंदी नावापुरती असते. काम करतं ते पीपीडी आणि कोरड्या पावडरीतलं ऑक्सिडीकारक. दहा-वीस रुपयांच्या अशा पुडीने जेवढ्या टाळू सुजलेल्या मी पाहिल्यात, तेवढ्या महागड्या डब्यांनी नाहीत. त्यात या पुड्या गोडाधोडाच्या डब्यांशेजारी, मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवलेल्या असतात. पीपीडी पोटात गेलं तर घसा सुजून श्वास अडतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कपाटात, कुलपात ठेवा.

काही स्वस्त 'हर्बल' पावडरींत आणि रोज थोडं थोडं लावून काळं करणाऱ्या तेलांत धातूंचे क्षार असतात. त्यावर पेरॉक्साइड पडलं की केस गरम होतो, हिरवा पडतो, तुटतो. असं काही लावत असाल तर पुढची स्ट्रँड टेस्ट सोडू नका.

दोन टेस्ट, दोन वेगळे प्रश्न

पॅच टेस्ट त्वचेला विचारते, स्ट्रँड टेस्ट केसाला. एक पास झाली म्हणजे दुसरी झाली असं नाही.

पॅच टेस्ट रंगाच्या ४८ तास आधी. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. नुसतं क्रीम लावायचं की डेव्हलपर मिसळून, किती वेळ ठेवायचं, हे डब्यातल्या कागदावर असतं, तेच पाळा. ४८ तास खाज, लाली, सूज, पाणी सुटणं यातलं काहीही दिसलं तर तो डबा कुणाला देऊही नका. टेस्ट ठीक गेली म्हणजे शंभर टक्के हमी मिळाली असंही नाही, पण मोठा अपघात ती बहुतेक वेळा आधी सांगते. आणि ती प्रत्येक वेळी करायची. माझ्याकडे येणाऱ्या एक अक्का पंधरा वर्षं एकच रंग लावत होत्या. "मला काय होत नाही गं," हे त्यांचं ठरलेलं. सोळाव्या वर्षी डोळे उघडता येईनात इतक्या पापण्या सुजल्या. ॲलर्जी अशीच येते, सवयीच्या वस्तूची.

स्ट्रँड टेस्टसाठी मानेवर, आतल्या बाजूने, पंधरा-वीस केसांची बट पूर्ण लांबीची कापा आणि मुळाकडे दोरा बांधा. थोडंसं मिश्रण प्लास्टिकच्या वाटीत करून बटेला लावा. दर पाच मिनिटांनी पुसून बघा: मुळाचा भाग किती वेळात रंगला, टोक किती वेळात. तो फरक मिनिटांत लिहून ठेवा, रंगाच्या दिवशी तोच उपयोगी पडतो. बट गरम झाली, फसफसली किंवा भलताच रंग आला तर आधी धातूचं काहीतरी लागलेलं आहे. धुऊन वाळवा, दुसऱ्या दिवशी उन्हात बघा, मग पुन्हा ओली करून ओढा. इथे तुटली तर डोक्यावरही तुटणार.

मग लावायचा की नाही?

केस पूर्ण नैसर्गिक, ओला ओढून पाहिल्यावर ताण चांगला आणि रंग आपल्या रंगाइतका किंवा गडद हवा असेल, तर दोन्ही टेस्ट करून निर्धास्त लावा. नैसर्गिक काळ्या केसांवर दोन-तीन पायऱ्या उजळ तपकिरी जमतो. मधाचा रंग ब्लीचशिवाय येत नाही, शेडकार्डावर काहीही छापलेलं असो. शेडकार्डावरच्या बटा पांढऱ्या धाग्यावर रंगवलेल्या असतात, तुमच्या काळ्या केसावर नव्हे.

थायोचं स्मूदनिंग झालंय आणि ताण चांगला आहे? निदान दोन आठवडे थांबायचं असं कंपन्या सांगतात. मी सहा आठवडे थांबवते, तोवर नवी मुळंही थोडी वर येतात. मग मुळांना पक्का रंग आणि लांबीला डेव्हलपर नसलेला, नुसता वरून बसणारा रंग. तो आठ-दहा धुण्यांत उतरतो, पण केस जागेवर राहतो. मी स्वतःच्या केसांना हेच करते.

स्मूदनिंग आणि ब्लीच दोन्ही? नाही. ब्लीच झालेल्या केसाचं स्मूदनिंगही नाही. या बाबतीत माझ्याशी घासाघीस करून उपयोग नाही. हायड्रॉक्साइड झालेल्या केसावर फक्त गडद करणारा रंग, उजळ काहीही नाही.

दोन्ही करायचंच असेल तर आधी सरळ करा, नंतर रंग. उलट केलं तर न्यूट्रलायझरमधलं पेरॉक्साइड नव्या रंगाची वाट लावतं. केराटिनचं उलट, म्हणजे आधी रंग मग केराटिन, असं वाटतं, पण तिथेही रंगानंतर लगेच केराटिन केलं तर रंग फिका पडू शकतो. केराटिननंतर रंग करायचा तर दोन आठवडे जाऊ द्या. नुसत्या खऱ्या मेंदीवर पक्का गडद रंग चालतो. डबाभर काळा लावून झाल्यावर आता तपकिरी हवा असेल, तर रंगाने रंग निघत नाही. वाढून कापत जाणं हाच स्वस्त उपाय.

आणि कधीच एका दिवसात दोन्ही नाही. "ताई, पुण्याला एकाच दिवशी करून देतात." देत असतील.

रंगाच्या दिवशी

आधी नळाचा दिवस बघा. सोलापुरात हे पहिलं पाऊल आहे, विनोद नाही. पाणी रोज येईलच असं नाही. अर्ध्या डोक्याला रंग लागल्यावर टाकी संपली तर पेरॉक्साइड तुमच्यासाठी थांबत नाही. तीन बादल्या भरून ठेवा. त्या नळाला येणाऱ्या उजनी धरणाच्या पाण्याच्या हव्यात, बोअरच्या नाही. बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार आणि लोह केसावर बसतात, रंग असमान चढतो आणि धुतल्यावर मातकट दिसतो. घरी बोअरच असेल तर दोन-तीन दिवस आधी ईडीटीए (क्षार धरून काढणारं द्रव्य) असलेल्या क्लॅरिफाइंग शाम्पूने एकदा धुवा. रंगानंतर तो शाम्पू नको, रंगच काढून नेईल.

केस आदल्या दिवशी धुतलेले असावेत. त्या दिवशी शाम्पू नाही, नखांनी खाजवणं नाही. टाळूचं स्वतःचं तेल थोडं संरक्षण देतं. कपाळ, कान आणि मानेच्या कडेला व्हॅसलिन. धातूची वाटी नको. जुना, गडद रंगाचा टॉवेल घ्या. चाटी गल्लीतून आणलेला नवा पांढरा टॉवेल या कामाला काढणाऱ्या बायका मी पाहिल्यात, नंतर हळहळतात.

पांढरे झाकायचे असतील तर आधी मुळं. अर्धा तास ते पाऊण तास, डब्यावर जी वेळ असेल ती. सरळ केलेली लांबी शेवटी. किती मिनिटं, ते स्ट्रँड टेस्टच्या कागदावर आहेच, बहुधा पाच ते दहा. नैसर्गिक केस उजळ करताना क्रम उलटा: टाळूच्या उबेने मुळं लवकर उजळतात, म्हणून आधी लांबी, मग मुळं. मे महिन्यात दुपारी पंख्याखालीसुद्धा वेळ कमी लागतो, घड्याळ आणि डोळे दोन्ही उघडे ठेवा. भुवयांना, पापण्यांना हा रंग कधीही नाही, दृष्टी जाऊ शकते. उरलेलं मिश्रण टाकून द्या. झाकण लावून ठेवलं तर वायू साठून बाटली फुटते.

रंग असताना थोडं चुरचुरणं आणि खाज-आग यात फरक आहे. आग झाली तर "पाचच मिनिटं राहिलीत" म्हणू नका. लगेच भरपूर पाण्याने धुवा.

नंतर

दोन दिवस शाम्पू नको. मग सौम्य शाम्पू, कोमट पाणी, पहिला महिना इस्त्री शक्यतो नाही. ऊन रंग उतरवतं. स्कूटीवर तोंडाला बांधता तोच स्कार्फ केसांवरूनही घ्या. स्मूदनिंगचे केस आधी तपकिरीकडून तांबूस आणि मग विटकरी होतात. तसं दिसलं की पुन्हा पक्का रंग टोकापर्यंत ओढू नका, नुसता वरचा रंग फिरवा. पुढच्या टचअपला फक्त नवी मुळं. दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत फासलं तर टोकावर वर्षाला बारा थर बसतात आणि ताण जातो तो तिथेच.

ॲलर्जी काही तासांत येते किंवा दोन-तीन दिवसांनीही. कानाच्या पाळ्या, पापण्या, मान यांवर आधी दिसते. पुरळ, सूज, पाणी सुटणं यासाठी त्वचारोगतज्ज्ञ. सिव्हिलला, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. घरातलं कुठलंतरी मलम चोळत बसू नका. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला किंवा पुडीतलं कुणी गिळलं तर १०८ ला फोन, वाट बघायची नाही. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार, मग डॉक्टर.

केस तुटायला लागले तर सगळी रसायनं बंद करा आणि टोकं कापा. बाजारातली 'बॉन्ड'वाली क्रीमं केस मऊ करतात, तुटणं थोडं लांबवतात, पण गेलेला केस परत आणत नाहीत.

गुरुवारच्या त्या मुलीच्या कानामागे मी रंगाचा ठिपका लावला आणि मधाचा रंग होणार नाही हे तोंडावर सांगितलं. शनिवारी दुपारी ठिपका कोरडा होता, ओढलेली बट मात्र रबरासारखी लांबली. समोरच्या चार पांढऱ्या केसांची मुळं तेवढी रंगवून दिली आणि डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो, तारीख, शेडचा नंबर तिच्याच मोबाइलमध्ये साठवून दिला. पुढच्या वेळी ती कुठल्याही पार्लरला जाओ, आधी तो फोटो दाखवावा.